काकूंची राहिलेली यादी

आमच्या वाचनालयाची एक जुनी रीत आहे. वर्ष संपताना सभासदांनी वर्षभरात आवडलेल्या पाच पुस्तकांची नावं लिहून द्यायची आणि मी ती दाराजवळच्या फळ्यावर टाचायची. पाच म्हणजे पाच. सहावं घुसवणाऱ्यांशी मी दरवर्षी भांडते. बाइंडरकाकूंनी तेवीस वर्षं यादी दिली. चोविसाव्या वर्षी, वर्ष सरायला बारा दिवस असताना, त्या गेल्या.

त्यांचे यजमान, आमचे बाइंडरकाका, वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. पुस्तक उसवायचं, त्याचे फर्मे म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या करायच्या, पुन्हा क्रमाने लावून शिवायच्या आणि खळ लावून दाबाखाली ठेवायचं. चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं त्यांच्या हातांखालून गेली, वाचलं मात्र एकही नाही. दिव्याखाली अंधार, असं मी चिडवायची. ते म्हणायचे, "आचारी कधी पंगतीला बसतो का, बाई?"

बांधलेलं पुस्तक आधी काकूंकडे जायचं. त्या चार-पाच दिवसांत वाचायच्या, मग ते आमच्याकडे यायचं. हा त्यांचा मान होता आणि आम्ही तो कधी मोडला नाही.

काकूंना जाऊन दोन महिने झाल्यावर काका वाचनालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"हिची यादी राहिली. लावायची आहे."

"आता कोण विचारतंय, काका?"

"मी विचारतोय."

मी रजिस्टर काढलं. त्या वर्षात काकूंच्या नावावर एक्केचाळीस पुस्तकं होती. "सगळी द्या," ते म्हणाले, "एकेक करून."

"तुम्ही वाचणार?"

"ती शेजारी बसून वाचायची, मी शिवायचो. कसं आहे गं, म्हणून एकदाही विचारलं नाही. आता पुस्तकांनाच विचारतो."

लेकीने त्यांना धरून नेऊन नुकतंच दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं होतं. नव्या नजरेने ते शाळकरी पोरासारखे वाचायला बसले. रहस्यकथा त्यांनी दोन दिवसांत संपवली. इतिहासाच्या जाडजूड ग्रंथावर पेंगले, पण सोडला नाही. मधमाश्यांवरच्या पुस्तकाने त्यांना इतकं झपाटलं की आठवडाभर मला राणीमाशीच्या भानगडी ऐकाव्या लागल्या. कवितांवर त्यांचा एकच आक्षेप होता: ओळी अर्ध्यावर सोडतात, कागद किती वाया जातो.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी, चौथंच पुस्तक एका बोटीवरच्या खलाशाचं प्रवासवर्णन होतं. ते घेऊन आले आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. पान एकशे बारा. खाली पेन्सिलीने, काकूंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: पान ११३ पुढे १४४ नंतर सापडेल. ते वाचून मग इथे परत यावे.

"फर्मा मागेपुढे लागलाय," काका म्हणाले. "माझ्या हातून."

गेल्या वर्षी त्यांना आकडे नीट दिसत नव्हते, हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. अंदाजाने फर्मे लावत होते. काकूंपासूनही लपवलंय, असं त्यांना वाटत होतं.

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मला एका शब्दाने बोलली नाही. पेन्सिल घेऊन माझ्या मागून निस्तरत बसली." मग त्यांनी विचारलं, "इथे कुणाची तक्रार आली होती?"

"एकही नाही," मी म्हणाले.

खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही. माझ्या खणात वाचकांच्या तक्रारीच्या सहा चिठ्ठ्या होत्या. समितीपुढे ठेवल्या असत्या तर काकांचं काम गेलं असतं. म्हणून तेव्हा ठेवल्या नाहीत, आणि पुढे काकू आजारी पडल्यावर तर माझा हातच धजावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत राहिले.

त्या दिवसापासून काका दोन गोष्टी एकदम करू लागले. पुस्तक वाचायचे आणि आपली चूक शोधायचे. तेरा पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा निघाल्या. काकूंना काय आवडलं होतं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, काका वाळत चालले. एकदा म्हणाले, "हिच्या आवडीचं मला काहीच ठाऊक नाही, बाई. इतकी वर्षं मी कुणाबरोबर राहिलो?" मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

वर्ष संपायला आठवडा उरला असताना ते कागद घेऊन आले. त्यावर चार नावं होती.

"कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी रहस्यकथा मागितली. तिच्यात दोन चुका होत्या. बत्तिसाव्या पानावरच्या चुकीखाली काकूंची स्वच्छ खूण होती. एकशे चव्वेचाळीसवर, खुनी सापडायच्या तोंडावर, फर्मा चुकला होता आणि तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"आधी वाटलं, थकली असेल," काका म्हणाले. "पण गेल्या वर्षी एकदा हिच्या हातून भाजी करपली होती, त्या दिवशी हेच पुस्तक तिच्या हातात होतं. हातातलं सोडवेना म्हणून पान शोधून तशीच पुढे गेली. खूण करायची राहिली. अशी चारच सापडली: हे, मधमाश्या, एका सुईणीच्या आठवणी आणि ते कवितांचं. खूण नसेल तिथे लोकांनी तक्रार केलीच असणार. आता खरं सांगा, बाई."

मी खण उघडला. मला लाज वाटत होती. सहा चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. एक खळीच्या वासाबद्दल होती, ती त्यांनी बाजूला सारली. चार त्यांच्या चार पुस्तकांच्या निघाल्या. उरलेली चिठ्ठी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. ती एका हरवलेल्या गाढवाच्या गोष्टीबद्दल होती. पुस्तक मुलांचं. काकांनी ते पावसाळ्यात एका बैठकीत वाचून परत केलं होतं.

"यात चूक नव्हती," ते म्हणाले.

मी कपाटातून पुस्तक काढून दिलं. त्यांनी पानं उलटली. अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट आलं. पानाच्या तळाशी पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मी तर चुका शोधायलाच बसलो होतो," ते म्हणाले. "इथे गाढव पुराच्या पाण्यात उतरतं. पुढचं पान शोधलं आणि... लक्षातच राहिलं नाही."

त्यांनी त्या पानावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत.

"सगळ्या जन्मात," काका म्हणाले, "एवढं एक पुस्तक आम्ही दोघांनी मिळून वाचलं."

मग त्यांनी पाचवं नाव लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.