बटाट्याच्या शिवल्या

माझ्या थोरल्या जावेला, मैनाला, भाकरी येत नव्हती. आगऱ्याच्या घरात सुनेला तांदळाची भाकरी येऊ नये, म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. उकड ती बरी काढायची, पण मळायची कशी, तर बाळाच्या गालाला हात लावावा तशी. मग भाकरी थापताना कडांना भेगा पडायच्या आणि तव्यावर टाकली की तिचे तीन तुकडे. आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, तिच्या हातातलं पीठ काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सर बाजूला. पदरी पडलं नि पवित्र झालं." रागावून नाही, अगदी शांतपणे. त्यानेच तिला जास्त लागायचं.

मी धाकटी सून, आनंदी. माझी भाकरी टम्म फुगायची. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायच्या, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. मैनाला मी बाय म्हणायचे, तिच्यावर माझा जीवही होता. पण कौतुक कोणाला कडू लागतं?

तर सात वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. दोन मुलं झाली, पण तेरा माणसांच्या त्या घरात एक अख्खं जेवण तिने एकटीने कधी रांधलं नव्हतं. भांडी तिची, पाणी तिचं, निवडणं-टिपणं तिचं. चूल आक्कांची, आणि आक्का दमल्या की माझी. एकदा विहिरीवर ती मला म्हणाली, "आनंदे, मना काय नको गो. एक डाव आक्कानी माज्या हातचा पोटभर जेवावा, बस." मी हसून सोडून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

हे शहात्तर सालच्या जानेवारीतलं. माझे दीर, बायचे यजमान चांगदेव, एसटीत कंडक्टर, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गाडीवर ड्युटी. एका दुपारी ते घरी आले ते रिक्षातून, आणि सोबत कोण, तर एक गोरी बाई! पायाला फडकं बांधलेलं, अंगावर सुती साडी, गळ्यात रुद्राक्ष. अख्खी आळी मागोमाग. ही तेरेझा. इटलीची, रोमजवळच्या कुठल्याशा गावची. दोन वर्षं गणेशपुरीत खोली घेऊन राहिली होती आणि आता मायदेशी परत निघाली होती. भिवंडी स्टँडवर गाडीतून उतरताना पायरी चुकली आणि घोटा मुरगळला. हाडवैद्याने सांगितलं, आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. विमानाला अजून पंधरवडा होता. दिरांनी विचार केला, माझ्या गाडीतली पॅसेंजर, हिला टाकून कुठे जाऊ? घेऊन आले घरी. दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमचा खडखडाट आणि मधे आमचं घर. तिथे ती बाई ओटीवरच्या खाटेवर बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यातलीच झाली. सुकटीची चटणीसुद्धा तिने चाटूनपुसून खाल्ली, त्या दिवशी आक्काही तिच्यावर खूश झाल्या.

खाटेवरून तिला आमची चूल सरळ दिसायची. तीन दिवस तिने मैनाबायच्या हातातलं पीठ आक्कांनी काढून घेतलेलं बघितलं. चौथ्या दिवशी दुपारी आक्का पडल्या होत्या, तेव्हा तिने आम्हा दोघींना हाक मारली. तिचं हिंदी माझ्यापेक्षाही मोडकं. मैनाबायचा हात हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "बहन, तेरा हाथ रोटी का नहीं. दूसरी चीज का है. चार आलू ला."

चार बटाटे उकडले. तिने ते गरम असतानाच सोलून कुस्करायला लावले, गुठळी एक राहू द्यायची नाही. वर गव्हाचं पीठ भुरभुरलं, मीठ टाकलं. "अब मिलाओ. ज्यादा नहीं!" मी पुढे झाले. पीठ म्हटलं की माझ्या हाताला कोण अडवणार? चांगलं रगडून मळलं. तेरेझा "नहीं, नहीं" करत कपाळावर हात मारत होती, मी ऐकते कशाला. बाकीचा अर्धा कुस्करा मैनाबायकडे. तिने नेहमीसारखाच, बाळाच्या गालाला लावावा तसा हात फिरवला, गोळा झाला न झाला तोच थांबली. मग लांब वळ्या करून बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे आणि त्यांवर काट्याने रेघा उठवायच्या. काटा आमच्याकडे कुठला? माशाला काटा असतो तेवढाच आम्हाला माहीत. तेरेझाने इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीला टांगलेली तांदूळ धुवायची रोवळी मागितली. रोवळीच्या पाठीवर तुकडा ठेवायचा, अंगठ्याने दाबून पुढे ढकलायचा, की एका अंगाला खळी आणि दुसऱ्या अंगाला बांबूच्या रेघा.

"आगं बाय!" मैनाबाय ओरडली. "ह्या त शिवल्या!"

आणि खरंच, खाडीतल्या शिवल्याच त्या, रेघारेघांच्या शिंपल्या. तेरेझा त्यांना न्योक्की म्हणायची, पण आमच्या घरात त्या दिवसापासून आजपर्यंत त्या बटाट्याच्या शिवल्याच आहेत.

उकळत्या पाण्यात सोडल्या. तळाला गेल्या आणि जरा वेळाने एकेक करून आपोआप वर आल्या. वर आली की झाली, बघायलाच नको. आम्ही दोघी टोपावर वाकून लहान पोरींसारख्या टाळ्या वाजवत होतो. मग चाखल्या. माझ्या शिवल्या चपलेच्या तळासारख्या, चावता चावता जबडा दुखला. आणि बायच्या? जिभेवर ठेवली आणि गेली कुठे ते कळलंच नाही. आत नुसता मऊ, गरम बटाटा. मी तिच्याकडे बघितलं. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या हातापेक्षा तिचा हात वरचढ ठरला होता, आणि मला एक क्षण झोंबलं. पण तिचं तोंड असं फुललं होतं की कोणाला हेवा टिकवता आला असता?

आता तिला धीर निघेना. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! सगळ्या घराला करून घालायचं, लगेच, उद्याच. तेरेझा म्हणाली, तिच्या गावाकडे हा गुरुवारचा बेत असतो. हे ऐकून तर बाय उडालीच. गुरुवारी आक्कांना दत्ताचा उपास, त्या दिवशी त्या चुलीकडे फिरकायच्या नाहीत, सकाळभर शेजारी पोथीला बसायच्या. देवानेच जमवून आणल्यासारखं. फक्त एक होतं, ज्या माणसाने जेवावं म्हणून ती सात वर्षं झुरत होती, तेच माणूस त्या दिवशी जेवणार नव्हतं. बाय म्हणाली, "असूंदे. घर जेवलेला तरी बघतीन ना."

आक्कांना विचारलं ते तेरेझाने. खाटेवरूनच हात जोडले, "आक्का, एक दिन चूल्हा मैना को दो." पाहुणीला नाही कसं म्हणणार? "गुरुवारी मना उपास," आक्का म्हणाल्या. "करा काय करायचा त्या. पन घर उपाशी ठेवू नका."

गुरुवारी उजाडल्यापासून घरात लगीनघाई. चार किलो बटाटे उकडले. आक्का पोथीला जाताना टोपात डोकावून बघून गेल्या. त्या गेल्यावर पीठ घातलं. घरात होती नव्हती ती रोवळी आणि शेजारच्या तीन आणल्या. मला मळायची बंदी! मी मुकाट्याने वळ्या पाडल्या. तिकडे टोमॅटो आणि लसणीचा लाल रस्सा रटरटत होता. तेरेझा म्हणाली, वरून किसलेलं चीज हवं. ते कुठून आणायचं? बायने सुकं खोबरं किसून ठेवलं. दोन हिरव्या मिरच्याही तिने रश्श्यात हळूच ढकलल्या. तेरेझाने ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. जेवताना मात्र तिनेच तीनदा वाढून घेतलं.

आमचे हे, अनंता, शिफ्ट बदलून आले होते. दीर ड्युटीवरून आले. पहिली पंगत बसली. आधी सगळे ताटाकडे संशयाने बघत होते. मग दिरांनी एक घास घेतला, बायकोकडे बघितलं, आणि भर पंगतीत म्हणाले, "मैना, ह्या तू केलास?" एवढंच. मग जो गलका उठला! आनखी घाल, रस्सा घाल, खोबरा घाल. पोरं वाट्या चाटत होती. लूमचा आवाजही ऐकू येईना. बाय चुलीपासून पंगतीपर्यंत नुसती धावत होती, घामाने कुंकू ओघळलेलं, आणि हसू तोंडावर मावत नव्हतं.

तेवढ्यात आक्का परत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं. मग चप्पल काढली, पाय धुतले आणि सरळ येऊन पाटावर बसल्या.

"मना पन वाढ," त्या म्हणाल्या. "बटाटाच हाय ना? उपासाला चालतो. त्या लाल रश्श्यातला नको, नुसता तुपावर दे."

बटाटा उपासाला चालतो, पण गव्हाचं पीठ? एका कणाने उपास मोडतो. आणि आक्कांचा हा उपास बावीस वर्षांचा, सासरे गेले तेव्हापासूनचा, एकदाही न चुकलेला. पण पीठ घालताना त्या घरात नव्हत्या. माहीत होतं आम्हा तिघींनाच, आणि तेरेझाला उपासाचं काय कळणार?

बायने ताट घेतलं, पांढऱ्या शिवल्या तुपावर परतून वाढल्या. आक्का बघत होत्या. त्यांनी एक उचलली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बेस दिसतान." बायच्या रांधण्याला त्यांनी बरं म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

मी मागून बायला डोळ्याने खुणावलं, गप्प राहा. हो, मी खुणावलं. मला वाटलं, कोणाला कळणार आहे? सात वर्षांनी आलेला घास, तो आपल्याच हाताने कोण परत घेईल?

घास ओठाशी गेला.

"आक्का, थांबा!" बाय म्हणाली. "त्यान गव्हाचा पीठ हाय."

आक्कांचा हात थांबला. त्यांनी ती शिवली ताटात परत ठेवली, हात धुतला आणि उठून देवाच्या खोलीत गेल्या. बाय ते ताट घेऊन परसात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तेरेझाला कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा ती आपल्याच कपाळावर मारून घेऊ लागली, "मेरी गलती, मेरी गलती." आणि मी? मी बायवर चिडले होते. काय वेडी बाई! एवढा मेळ जुळून आला आणि तिने स्वतःच्या तोंडाने घालवला. परसात जाऊन मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "त्यांचा उपास मोडून मना काय मिळनार होता गो?"

दिवेलागण झाली. आक्का दिवा लावून उपास सोडायच्या, त्यासाठी मी नेहमीसारखा वरणभात चढवला. आक्का दिवा लावून स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, आता ताट मागतील. त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीतून उरलेले पाच बटाटे काढले आणि बायसमोर ठेवले.

"कर," त्या म्हणाल्या. "पीठ घालून कर. उपास सोडायचाय मना."

बाय बघतच राहिली.

"बघतंस काय? मगाशी गप राहिली असतीस त मना कल्ला बी नसता. नाय राहिलीस. आता तुज्या हातचा खाल्ल्याबिगर उपास सोडनार नाय मी."

बायने बटाटे उकडले. रोवळी कोणी धरली माहीत आहे? आक्कांनी. गुडघ्यावर रोवळी पालथी घालून बसल्या आणि स्वतः दोन-चार शिवल्या दाबून बघितल्या. त्या वाकड्या झाल्या तशा हसल्या. मी आक्कांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. ओटीवरून तेरेझा मान लांब करकरून बघत होती आणि "ज्यादा नहीं! ज्यादा नहीं!" ओरडत होती.

शिवल्या वर आल्या, तुपात परतल्या, ताट वाढलं. देवाला हात जोडून आक्का पाटावर बसल्या आणि बाय रिवाजाप्रमाणे वाढायला म्हणून बाजूला उभी राहिली. आक्कांनी ताट पुढे ओढलं नाही. दुसरा पाट पायानेच जवळ सरकवला आणि म्हणाल्या, "बस."

आमच्या घरात सून सासूच्या पंगतीला बसत नसे, एका ताटात तर सोडाच. बाय जागची हलेना. आक्कांनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"खा माज्याबरोबर. एकलीला उपास सोडवत नाय मना."

पहिला घास आक्कांनी खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. दुसरा घास बायच्या तोंडाशी नेला. बायला रडू आवरत नव्हतं आणि तोंड भरलेलं, त्यामुळे धड रडताही येत नव्हतं. आक्का तिला दटावत होत्या आणि भरवत होत्या.

मी चुलीवरचा भात उतरवून ठेवला, रिकामं ताट घेतलं आणि न बोलावता बायच्या शेजारी जाऊन बसले. ती सरकली आणि तिने मला जागा करून दिली.