सतरा इंची चाकं

चाकवाल्याची बायको जाऊन आता तीन वर्षं होतील. दुकान चालू आहे, हात चालू आहेत, दोन वेळचं जेवण पोटात जातंय. पण एक गोष्ट काही केल्या त्याच्या मनातून जात नाही. बायकोची पाठ दुखत होती आणि हा पठ्ठ्या आठ महिने गाडी दुरुस्त करत होता. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याची लाज वाटते.

बरं, माणूस अडाणी असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण चाकांतलं त्याच्याइतकं त्या रस्त्यावर कुणाला कळत नव्हतं. खरं नाव घरच्यांखेरीज कुणी घेत नसे, सगळ्या रस्त्याचा तो चाकवाला. टायरवरून नुसता तळहात फिरवून तो सांगायचा की गाडी डावीकडे ओढते आहे आणि मालक वळणावर घाई करतो. तीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्यांना मोठाली, चकचकीत चाकं बसवली आणि बसवण्याआधी प्रत्येकाला तेच सांगितलं, "रिम मोठी घेतली की टायरची भिंत बारीक होते. मधे रबर कमी, हवा कमी. मग खड्डा रस्त्यात राहत नाही, थेट माकडहाडात येतो. गाडी देखणी दिसेल, पण बाजूला बसणारी व्यक्ती चार दिवसांत भांडायला उठेल." लोक हसायचे आणि चाकं बसवून जायचे.

तर असा हा शहाणा. त्याची स्वतःची पांढरी सेडान बारा वर्षं जुनी होती. चाकं कंपनीची, पंधरा इंची, दिसायला अगदीच बेताची. त्या गाडीतून रोज सकाळी तो बायकोला कामावर सोडायचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला पडद्यांच्या दुकानात कापड बेतायची. लांब टेबलाशी दिवसभर उभं राहून मोजायचं, आखायचं, कापायचं. घरापासून तिथवर अकरा गतिरोधक. ही वीसेक मिनिटं दोघांच्या हक्काची होती. भांडायचं ते गाडीत, लेकीच्या लग्नाचं बोलायचं ते गाडीत, आणि कधी काहीच न बोलता बसायचं तेही गाडीतच.

एका गिऱ्हाइकाने सतरा इंची चाकं मागवली आणि चाकं यायच्या आत गाडीच विकून टाकली. चारही चाकं दुकानात पडून राहिली. काळी, कडांना चांदीसारखी लकाकी असलेली, पाच पात्यांची. चाकवाल्याला वाटलं, आपल्याच गाडीला लावू, दुकानासमोर उभी राहील, चार लोक बघतील. एका दुपारी त्याने ती बसवली आणि संध्याकाळी बायकोला आणायला गेला.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "हिला बूट घातलेत वाटतं तुम्ही," ती म्हणाली आणि हसत आत बसली. तिसऱ्या गतिरोधकावर तिचा हात मागे कमरेच्या वर गेला. त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि तिच्याकडे जास्त होतं, कारण चाकं आवडली की नाही हे त्याला बघायचं होतं. म्हणून त्याने तो हात पाहिला.

"लागलं का गं?"

"जरासं."

"चाकांमुळे. आता टायर बारीक झाले ना."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, चाकांमुळेच असेल." आणि एवढ्या एका वाक्यावर त्या दोघांनी पुढचे आठ महिने काढले.

तो म्हणाला, नवे टायर कडक असतात, हजारेक किलोमीटर पळाले की नरमतील. हजार झाले, दीड हजार झाले. तिचा हात आता दुसऱ्याच गतिरोधकाला मागे जायला लागला. त्याने हवा चौतीसची तीस केली, मग अठ्ठावीस केली. चारही चाकं पुन्हा बॅलन्स केली. मग दुसरे, जरा मऊ भिंतीचे टायर मागवले. त्यानंतर पुढचे शॉकअप बदलले, त्यानंतर मागचे. दर वेळी तो दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचा आणि दर वेळी ती म्हणायची, "आज बरं आहे की." तीनचार दिवस बरं असायचं. पाचव्या दिवशी उतरताना ती दार धरून उभी राहायची आणि तो मनात म्हणायचा, अजून कुठेतरी कसर राहिली आहे.

तिचा धाकटा भाऊ मधूनमधून यायचा. त्याने एकदा त्या गाडीतून फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊजी, तुमच्या गाडीत बसलं की आपले दात किती शाबूत आहेत ते कळतं." चाकवाल्याला ते फार लागलं. त्याने मेहुण्याच्या हातात किल्ली दिली, स्वतः बायकोच्या जागी बसला आणि डोळे मिटून घेतले. तिचा हात जिथे जायचा तिथे, कमरेच्या वर, त्याने स्वतःचा हात ठेवला. अकराच्या अकरा गतिरोधक त्याने असे काढले, जाताना आणि येतानाही. कुठल्या धक्क्याला नेमकं कुठे लागतं, ते त्याला तिच्या पाठीने समजून घ्यायचं होतं.

घरी येऊन म्हणाला, "सातव्यावर सगळ्यात जास्त लागतं ना?"

ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "हो हो, सातव्यावरच," ती म्हणाली. "बरोबर ओळखलंत."

त्याला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या स्प्रिंगा बदलल्या आणि तिच्या सीटच्या फोममध्ये मधोमध दोन बोटं खोल जागा कोरली, तिच्या पाठीच्या मापाने. मापं घ्यायला तिला खुर्चीवर बसवलं तेव्हा तिच्या ब्लाउजखाली मणके हाताला लागले. आधी असे लागत नव्हते. वाळलीस गं, असं तो म्हणालासुद्धा. ती म्हणाली, चाळिशी ओलांडली की बायका एक तर सुटतात नाही तर वाळतात, मी वाळले, तुमचा खर्च वाचला. दोघं हसली. हाताला मणके लागले, तरी या माणसाने फोमचं माप लिहून घेतलं. काय म्हणावं त्याला?

आता कुणी विचारेल, अरे बाबा, जुनी चाकं का नाही लावलीस? त्याच्याही मनात ते पहिल्या महिन्यातच आलं होतं. पण तीच नको म्हणाली. "राहू द्या हो, दुकानाला शोभतात." दोन महिन्यांनी पुन्हा बोलला तर म्हणाली, "एवढ्यात नका काढू. अजून काही करता येतंय का बघा." आपल्या हौसेसाठी बायको सोसते आहे, या विचाराने त्याला भरून यायचं. तो आणखी जोमाने कामाला लागायचा.

शेवटी आठव्या महिन्यात त्याने तिचं ऐकलं नाही. रविवारची सकाळ होती. माळ्यावरची पंधरा इंची चाकं त्याने उतरवली, धुतली, आणि घराच्या दारातच जॅक लावला. ती बाहेर आली. एक सतरा इंची चाक तोवर निघालं होतं.

"काढू नका ना," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "मी सांगतेय ना, नका काढू."

"अगं, किती दिवस असं? एकदा जुनी लावली की संपला त्रास."

ती पायरीवर बसली आणि रडली. त्याला वाटलं, आपल्या दुकानाची शोभा जाईल म्हणून रडते आहे. तो तिची समजूत घालत राहिला आणि नट आवळत राहिला. चार चाकं लागली, गाडी खाली आली, आणि त्याने तिला तशीच घरच्या कपड्यांवर बसवून अकरा गतिरोधकांवरून फिरवून आणलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, एकदाही मागे नेले नाहीत.

"कसं वाटतंय?"

"फरक पडला," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस हा माणूस दुकानात शीळ घालत होता. येईल त्या गिऱ्हाइकाला बायकोच्या पाठीची गोष्ट रंगवून सांगत होता. मी सांगतो ते उगीच नाही, बघा, घरचाच अनुभव आहे, वगैरे. सोळाव्या दिवशी पडद्यांच्या दुकानातून फोन आला. कापडाचा गठ्ठा उचलायला ती वाकली होती आणि तिला सरळ होता येईना.

हॉस्पिटलात लेक आधीच पोचली होती. मणक्यांचे फोटो निघाले, मग आणखी मोठ्या मशीनमधले निघाले. तीन दिवसांनी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. रोग हाडांत होता आणि तो शरीरात दुसरीकडे सुरू होऊन हाडांत पसरला होता. डॉक्टर हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "दुखायला साधारण कधीपासून लागलं?"

चाकवाल्याला हे उत्तर पाठ होतं. तो चटकन म्हणाला, "गाडीला सतरा इंची चाकं बसवली त्या दिवसापासून. संध्याकाळी, तिसऱ्या गतिरोधकावर."

डॉक्टर काही न लिहिता त्याच्याकडे बघत राहिले. लेकीने खाली बघितलं.

"नाही डॉक्टर," बायको म्हणाली. "त्याच्या तीन महिने आधीपासून."

बाहेर लांबलचक व्हरांडा होता, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. लेक औषधं आणायला गेली. दोघं शेजारी शेजारी बसली. समोरून माणसं फायली घेऊन ये-जा करत होती. मग तो म्हणाला, "तीन महिने आधीपासून. मला का नाही सांगितलंस?"

ती हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "इथेच, कमरेच्या वर. तेव्हा तुम्ही आमच्या घरात नव्हतात. भाऊ लहान होता, त्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. दुखायला लागलं त्या दिवशीच मला कळलं हो. पण बोलायची हिंमत होईना. आणि मग तुम्ही ती चाकं घेऊन आलात आणि म्हणालात, चाकांमुळे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, कुणास ठाऊक, चाकांमुळेच असेल."

"अगं पण मी आठ महिने..."

"तुम्ही रोज काही ना काही करत होतात. आज हवा, उद्या टायर, परवा ते शॉकअप. मला रात्री झोप लागायची त्याने. वाटायचं, अजून एक उपाय शिल्लक आहे ह्यांच्याकडे. जुनी चाकं लावलीत तेव्हा काही शिल्लक राहिलं नाही, म्हणून नको म्हणत होते." तिने बंद सोडून दिले. "चाकांचं असतं ना, तर तुम्ही नीट केलंच असतंत. मला कधी शंका आली नाही त्याची."

तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. पन्नाशीचा, दणकट हातांचा माणूस, त्या व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडला. तो वाकला होता, खांदे गदगदत होते. ती कशीबशी खुर्चीतल्या खुर्चीत त्याच्याकडे वळली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. लेक औषधं घेऊन परत आली तेव्हाही ती तशीच फिरवत होती.