सिरसाळ्याचे समुद्रतज्ज्ञ

कार्तिक शुद्ध अष्टमी, सन १९९६. स्थळ: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्याचा समुद्रकिनारा. हजर: दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ताई, म्हणजे ती बहीण, त्यांची मुलगी वैजू, जीपचे मालक-चालक हमीदभाई, आणि सामानाची जबाबदारी होती म्हणून मी. दाजींच्या हिशेबानं त्या दिवशी समुद्र गैरहजर राहायचा होता. तो आला.

कोकणाबद्दल दाजींइतकं जाणणारा माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नाही, आणि तोवर त्यांनी कोकण पाहिलं नव्हतं एवढ्यानं माझ्या या विधानाला बाध येत नाही. त्यांचं सिरसाळ्याच्या बाजारात बी-बियाणांचं दुकान. फार पूर्वी दुकानावरच्या खोलीत कोकणातला एक बँकेचा कारकून भाड्यानं राहायचा. सिरसाळ्याचं ऊन वाढलं की त्याला घर आठवायचं आणि तो बोलायला लागायचा. त्याच उन्हामुळं दुकानात गिऱ्हाईक नसायचं आणि दाजी ऐकायला लागायचे. कारकुनाची बदली झाली तेव्हा तो नुसती वळकटी घेऊन गेला. त्याचं कोकण दाजींकडेच राहिलं.

पुढं नव्वद साल उलटलं, गावात डिश आली, भाड्याच्या जीपा आल्या, आणि माणसं देवदर्शनाच्या नावाखाली समुद्र बघायला निघू लागली. यांतल्या एकाचीही जीप दाजींच्या दुकानावरून सरळ गेली नाही. दाजी आडवे यायचे. खिडकीत कोपर टेकवून सूचना सुरू: "नारळाखाली गाडी लावायची न्हाई. खाली पडलेली सुपारी उचलायची न्हाई, तिला मालक असतोय. होडीत चपला घालून चढायचं न्हाई, ती त्यांची लक्ष्मी हाय. जाळं वाळत घातलं असंल तर वळसा घालून जायचं. आन आवाज खाली! आपण नुस्तं राम राम म्हणलं तरी त्या लोकायला भांडण वाटतंय." हे शेवटचं वाक्य ते अशा आवाजात सांगायचे की समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं भांडण बघायला बाहेर यायची. बियाणांच्या एका कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना गोव्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा दाजी त्यात होते. ऐन हंगामात दुकान बंद ठेवायला नको म्हणून ते गेले नाहीत. पण बसमध्ये चढून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना समुद्रकिनाऱ्याची रीतभात सांगून मगच उतरले. ड्रायव्हरनं इंजिन दोनदा बंद केलं होतं.

त्यांचा सगळ्यात आवडता नियम चहाचा. आपल्याकडे पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं असतं आणि यजमानानं चौथ्यांदा कप हातात कोंबायचा असतो. दाजी म्हणायचे, "तिकडं असं न्हाई बे. तिकडं माणूस एकदाच इचारतो आन खरंच इचारतो. पहिल्या झटक्याला हो म्हणा." गावातले एक माजी सरपंच याकडे दुर्लक्ष करून गेले आणि तीन घरांतून कोरड्या घशानं परतले. तेव्हापासून दाजींचा शब्द गावात कायद्यासारखा चालू लागला. दुसरा नियम जमिनीचा. आपण नाव विचारल्याबरोबर 'किती एकर?' विचारतो, तिकडं हे विचारायचं नाही. "कावून?" असं एकानं विचारलं तर दाजी म्हणाले, "त्यायची जमीन उभी असती. एकरात सांगता येत न्हाई."

ही सगळी करमणूक होती तोवर ठीक होतं. मग वैजूला मास्तरकीची ऑर्डर आली, आणि आली ती नेमकी समुद्रकाठच्या शाळेची. आपल्याकडच्या डी. एड. झालेल्या कितीतरी पोरापोरींना तेव्हा कोकणानंच नोकरी दिली. वैजूला जायचंच होतं. ताईला तिला पाठवायचं नव्हतं. नांदूरघाटचं एक स्थळ तयार बसलं होतं, बागायतदार घर, पण सुनेनं नोकरी केलेली त्यांना चालणार नव्हती. ताई म्हणाली, "मरणाच्या लांब, ना ओळख ना पाळख." दाजींनी छातीवर हात ठेवला. "ओळख कावून न्हाई? मी हाय की. कोकणात मला म्हाईत न्हाई असं काय हाय?" ताईनं त्या एका वाक्यावर होकार दिला. वैजूची नोकरी अशी दाजींच्या ज्ञानावर उभी राहिली, आणि ते ज्ञान कशावर उभं होतं ते मी वर सांगितलंच आहे.

प्रवासाची तयारी माझ्याकडे. स्टोव्ह, गादी, भांडी, ज्वारीचं पोतं, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर कडक भाकरी, सगळं मी मोजून जीपमध्ये भरलं. तारीख मात्र दाजींनी काढली, पंचांग बघून. मुहूर्ताशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "भरती येती पुनवेला आन आवसेला. आपण मधी अष्टमी धरू. पाणी शांत." मी मान डोलावली. बीड जिल्ह्यात या विषयावर दुसरं मत मिळण्याची सोय नव्हती.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अष्टमीला दुपारी आम्ही पोचलो. शाळा आणि वैजूची भाड्याची खोली किनाऱ्यालाच लागून. जीप दारापर्यंत जाईना, तेव्हा दाजींनी खाली बोट दाखवलं. ओली, घट्ट, सपाट वाळू. पाणी पार लांब. आपल्याकडे नदी म्हणजे आठ महिने मोकळं मैदान. तिथं बाजार भरतो, बैल बसतात, वऱ्हाडाचे ट्रक उभे राहतात. वाळू दिसली की गाडी लावावी, हे आमच्या रक्तातच आहे. हमीदभाई एकदा म्हणाले, "शेठ, जागा वली हाय." दाजी म्हणाले, "लाव बे बिनघोर. आज अष्टमी हाय." जीप लावली आणि आम्ही खोली बघायला वर गेलो.

खोलीच्या मालकीणबाई, गावच्या काकी, आम्हाला विहीर दाखवत होत्या एवढ्यात खालून हाळी आली: "अवो, गाडी कोणाची? भरती लागली!" दाजी हसून मला म्हणाले, "नवीन मानसाला भेवडवतात." मग हमीदभाई पळताना दिसले. आम्ही खाली पोचेपर्यंत मागची चाकं निम्मी पाण्यात होती आणि इंजिन जेवढं ओरडे तेवढी जीप खाली बसत होती. "शेठ, पाणी यायलंय!" "दिसतंय की!" "तुमी तर न्हाई येत म्हणले व्हते!" "ते मला इचारून आलंय का बे? ढकल!"

आवाज ऐकून कोळीवाड्यातली माणसं धावली. त्यांनी होड्या ओढायचा जाड दोर बांधला, एका सुरात हाका घातल्या आणि जीप खेचून वर काढली. सामान तेवढ्यात उतरवून डोक्यावरून कोरड्या वाळूवर नेलं होतं. फक्त ज्वारीचं पोतं समुद्राला लागलं. पोत्यातून पाणी गळत होतं. दाजी म्हणाले, "भाकरीत मीठ घालायचं काम वाचलं." कोणी हसलं नाही. दोर गुंडाळणारे एक म्हातारे म्हणाले, "भरती रोज दोनदा येते, दादा. ही अष्टमीची, भांगाची म्हणतात, मवाळ असते. आवसेला आला असतात तर गाडी शोधायला होडी लागली असती." दाजींचा चेहरा उजळला. "बघा! तिथी बरोबर व्हती का न्हाई?"

यावर ताईचा बांध फुटला. गुडघ्यापर्यंत भिजलेलं लुगडं पिळत ती म्हणाली, "अवो, तुमाला सगळं ठावं हाय म्हून मी पोरीला हो म्हणले. तुमाला समुद्र कवा येतो तेच म्हाईत न्हाई! वैजे, भर सामान. नांदूरघाटला मी उद्याच निरोप धाडते."

ताईच्या लग्नापासून मी दाजींना ओळखतो. प्रश्न पडायच्या आधी उत्तर देणारा माणूस. तो वाळूकडं बघत उभा होता. वैजूनं सामानातली कळशी तेवढी हातात धरून ठेवली होती.

काकींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. त्यांनी ताईला विचारलं, "च्या घेणार?" ताई भिजलेली, थकलेली, घसा सुकलेला, पण सवय सुटते कुठं? "नगं, नगं, कशाला तरास." "बरं," काकी म्हणाल्या आणि वैजूकडे वळल्या. "हो काकी, घेईन," वैजू म्हणाली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

वैजू उठली. जाळं वाळत होतं, त्याला वळसा घालून त्या म्हाताऱ्यांपाशी गेली. "आजोबा, उद्या भरती कधी?" असं हळू आवाजात तिनं विचारलं, आणि ते बोटांवर मोजून सांगू लागले. रोज दोन घटका कशी पुढं सरकते, शाळेला जायची वाट कधी भिजते. ताई ओट्यावरून सगळं बघत होती. चहा आला तेव्हा वैजूनं परत येऊन आपल्या कपातला निम्मा बशीत ओतला आणि आईपुढं धरला. "घे. बाबा सांगत व्हते की, हितं एकदाच इचारतात."

ताईनं बशी तोंडाला लावली. चहा संपला तरी ती रिकामी बशी हातात धरून बसली. मग काकींना म्हणाली, "हिला सकाळी हाक मारत जा. लवकर उठत न्हाई."

मी सामान वर न्यायला घेतलं.

परतीच्या वाटेवर दाजी पुढच्या सीटवर होते. खाडीकाठी नारळाच्या झाडाखाली जीपा थांबल्या होत्या, चपला घालून लोक होडीत चढत होते. त्यांनी एकालाही टोकलं नाही. ताईनंच मध्ये एकदा विचारलं, "अवो, झोपलाव का?" "न्हाई," ते म्हणाले. बस्स.

आता कोणी कोकणात निघालं तर दाजी आडवे येत नाहीत. विचारलं तर चहाचं तेवढं सांगतात, बाकी "तिथल्या मानसाला इचारा" म्हणतात. दुकानात त्यांनी एसटीडीचं बूथ घातलंय. दर रविवारी सकाळी वैजू तिकडच्या गावातून फोन करते. दाजी फोनवर बोलू शकत नाहीत. सिरसाळ्याहून कोकणापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून ओरडतात आणि काय विचारायचं ते विसरतात. म्हणून एकच विचारतात: "आज भरती कवा हाय?" ती सांगते. बाजारभावाची काळी पाटी दुकानाबाहेर टांगलेली असते. कापूस, तूर, हरभरा यांच्या खाली दाजी भरतीची वेळ लिहितात, आणि पुढच्या रविवारपर्यंत रोज दोन घटका पुढं सरकवत राहतात. शेतकरी पाटी वाचतात. समुद्र इथून किती लांब, हे दाजींना कोणी विचारत नाही.

परवाच्या रविवारी मी तिथं होतो. शनिवारपासून फोनची लाइन बंद पडलेली. कापसाचा भाव लिहून झाला होता, तुरीचा झाला होता. ताईनं दोनदा जेवायला हाक मारली. दाजी फोनशेजारी स्टुलावर, हातात खडू. मी निघालो तरी पाटीवरची शेवटची ओळ लिहायची राहिलीच होती.