हसतमुख नव्हते

रविवार, नऊ नोव्हेंबर. मी गहू निवडत होते, तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे फ्लेक्सचा मजकूर दाखवायला आले. वरच्या मजल्यावरचे सावंत सर शनिवारी गेले. 'हसतमुख, मनमिळाऊ, अजातशत्रू.' माझं डोकंच फिरलं.

सर कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवायचे. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये कोणी गेलं की त्या घरी जाऊन विचारायचे, "भांडायचे कशावरून?" मग चार खऱ्या ओळी लिहून नोटीस बोर्डावर लावायचे. लोक चिडायचे. सर त्यांच्याहून जास्त चिडायचे. "पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इटलीतले विद्वान मेलेल्यांवर भाषणं लिहायचे. नुसती स्तुती! माणूस गायब, विशेषणं शिल्लक. पण त्यांच्यातच एखादा बाप असाही निघायचा. 'मुलगा स्वर्गात सुखी आहे, रडू नकोस' म्हणणाऱ्यांना ठणकावायचा, मला तो इथे हवा होता! स्वर्गाचं मला ठाऊक नाही हो. इथे जे उरतं ते तरी खोटं नको."

माझे मिस्टर गेले तेव्हा जो तो येऊन सांगत होता, "आत्मा अमर असतो, वहिनी, रडू नका." मी रडतच नव्हते. मला संताप येत होता. सरांनी विचारलं, "चहा कसा प्यायचे?"

"बशीत ओतून, फुर्रर्र करत. मी रोज ओरडायचे."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर तेच. सासूबाईंनी सरांशी बोलणं टाकलं. पण अजूनही लिफ्टमध्ये कोणीतरी त्या फुर्रर्रची आठवण काढतं.

"म्हात्रे, सरांना कधी हसताना पाहिलंत?"

"मॅडम, गेलेल्या मानसाबद्दल असंच लिवतात."

"पार्किंगवरून तुम्हाला गाढव म्हणाले होते, ते?"

"दोनदा," म्हात्रे म्हणाले. "पन माज्या पोरीला दहावीला त्यांनीच शिकवलं. रोज रडवायचे तिला."

"मग हेच लिहा ना!"

"फ्लेक्सवर? काय मॅडम, लोक शेन घालतील तोंडात."

सोमवारी सकाळी दूध आणायला उतरले, तर गेटवर फ्लेक्स. फोटोतल्या सरांना कोणीतरी मोबाइलवर हसवलं होतं. दात दिसत होते!

तशीच वर गेले, कागद घेतला, लिहिलं: 'सावंत सर हसत नसत. सेक्रेटरींना दोनदा गाढव म्हणाले. त्यांच्या मुलीला रडवून शिकवलं. ती पास झाली.'

खाली बोर्डाच्या काचेला कुलूप होतं, म्हणून म्हात्र्यांना गाठलं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि खिशातून किल्ली काढली. मी चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या.