वन्संची स्वतःची काच

माझ्या नणंदेइतकं जवळून माणसांकडे बघणारं दुसरं कुणी अख्ख्या पनवेलात नसेल. वन्सं पॅथॉलॉजिस्ट. गर्भाशयाच्या मुखावरून घेतलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाची पूर्वचिन्हं शोधायची, यात त्यांची निम्मी हयात गेली. घरीही डोळ्यांना उसंत नाही. पोह्यांवर हळद नीट चढली नाही, तर "रंग कच्चा राहिलाय" म्हणतील. भाचीला खारघरचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं बोलणं थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "नको. याचं केंद्रक फार मोठं आहे. बिघडलेल्या पेशीत असंच असतं, सगळी जागा तेच व्यापतं." हळदीकुंकवाला बायका त्यांच्या शेजारी बसायला बिचकायच्या. वाण हातात पडायच्या आत प्रश्न यायचा, "शेवटची तपासणी कधी केलीस?"

आमच्या दारावर येणाऱ्या उरणच्या कोळीण मावशीलाही त्यांनी हेच विचारलं. मावशी आधी लाजली, मग रोज नवी सबब सांगू लागली. अखेर एक दिवस टोपली खाली ठेवून म्हणाली, "तू केलीस का गं? आदी तुजी कर, मंग मी येते."

पन्नाशी ओलांडली तरी वन्संनी स्वतःची तपासणी कधी केलीच नव्हती.

दोघी एकाच सकाळी गेल्या. हल्ली पेशी घेतलेला ब्रश आधी द्रवाच्या बाटलीत बुडवतात आणि यंत्र त्यात हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा माग काढतं. मावशीच्या बाटलीत काही नव्हतं. वन्संच्या बाटलीत विषाणू निघाला. त्याच बाटलीतल्या पेशींची काच केली, तर पेशी बिघडायला लागलेल्या. कर्करोग नव्हता, पण वाट तिकडचीच होती.

ती काच बघायचा वन्संनी हट्टच धरला. मी सोबत होते. बराच वेळ त्या वाकून बसल्या.

"दुसऱ्या कुणाची असती, तर आत्ता फोन करून सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि पुढची काच घेतली असती. फोन ठेवल्यावर त्या बायका काय करत असतील, हे मी कधी मनातच आणलं नाही गं."

छोटी शस्त्रक्रिया झाली, बिघडलेला भाग निघाला. वन्सं बऱ्या आहेत. मात्र अहवाल वाईट आला की आता त्या फोनवर सांगत नाहीत. त्या बाईला समोर बसवतात, नाहीतर विचुंब्याला, बेलपाड्याला तिच्या घरीच जाऊन येतात.

परवा अशाच एकीकडून खूप उशिरा परतल्या. मी विचारलं, "एवढा वेळ काय बोलत होतात?"

"काही नाही. ती रडली," चपला काढत त्या म्हणाल्या. "माझंही राहून गेलं होतं. मग मीही रडून घेतलं थोडं."