निनादच्या शेजारचा जेरोम

जेरोमचे हात कधी गप्प राहिलेच नाहीत. आमच्या लंडनमधल्या, पिनरच्या घरी आला की डायनिंग टेबल, फ्रिजचं दार, माझा पोळ्यांचा डबा, हाताला लागेल ते वाजवायचा. मी ओरडले की म्हणायचा, "सॉरी काकू, हात ऐकतच नाहीत!" वर्गात माझ्या निनादच्या शेजारी बसणारा हा त्याचा जिवलग मित्र. त्याची आई हॉस्पिटलात माझ्याच वॉर्डात नर्स, घराणं मूळचं जमैकाचं. उसळ खाल्ली की "एक नंबर" म्हणायचा. एवढं मराठी निनादनं शिकवलं होतं.

गणपतीत आमच्या ढोल-ताशा पथकानं त्याच्या गळ्यात ताशा अडकवला. पठ्ठ्यानं मिरवणूक डोक्यावर घेतली. समस्त काकवा त्याला मोदक भरवत होत्या.

शाळेत मात्र तेच हात नडले. सायन्सच्या तासाला दोघांनी मिळून बाक वाजवला. मला फोन आला, "निनाद हुशार आहे, जरा चळवळ्या आहे." जेरोमला थेट काही दिवस घरी बसवलं. मग हेच चालू झालं. हसला तरी वर्गाबाहेर, उत्तर दिलं तरी वर्गाबाहेर.

शेवटी कायमचं काढायची वेळ आली, तेव्हा त्याच्या आईबरोबर मीही गेले. डेप्युटी हेड बाई, म्हणजे उपमुख्याध्यापिका, म्हणाल्या, "मुलं घाबरतात त्याला. अंगानं केवढा आहे तो!"

"निनाद त्याच्याहून उंच आहे. त्याला कोण घाबरतं?" मी विचारलं.

बाई नुसत्या हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळ्या पोराची उंची तेवढी यांना दिसते! काढलाच त्याला.

आणि आमची माणसं? पथकाचे जोशी म्हणाले, "वहिनी, यंदा त्याला नको. शाळेतून एक्सक्लूड झालाय ना, पेरेंट्स ऑब्जेक्शन घेतायत."

"मोदक भरवताना कुठे होते हो तुमचे पेरेंट्स?" म्हटलं, आणि पथक सोडलं.

शाळेतून काढलेल्या मुलांसाठी वेगळं केंद्र असतं, तिथे त्याला पाठवलं. त्या गेटबाहेर ड्रग्जची पाकिटं पोचवायला पोरं हेरणारे टपूनच असतात. शाळेला नको झालेला जेरोम त्यांना लगेच हवासा झाला. पकडला गेला तेव्हा डेप्युटी हेड बाई भर सुपरमार्केटमध्ये मला म्हणाल्या, "वाईट झालं, पण आम्हाला कल्पना होतीच."

परवा तुरुंगात त्याला भेटायला गेले. मान खाली घालून समोर बसला. मग म्हणाला, "सॉरी काकू. माझ्यामुळे तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं."

या सगळ्यात माफी मागितली ती त्यानं एकट्यानं.