अर्धा सेकंद आधी: नवा कॅमेरा घेऊन पेण-रोहा

कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारा माझा मित्र संदेश कोणतीही वस्तू फुकट देत नाही. त्यामुळे त्याने नवाकोरा मिररलेस कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि "शनिवार-रविवार वापरून बघ, सोमवारी दुकान उघडायच्या आत आणून दे" म्हणाला, तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याला गिऱ्हाइकांना सांगण्यापुरतं खरं मत हवं होतं. मी बरीच वर्षं खेळांचे फोटो काढते, तेही जुन्या, खडखड वाजणाऱ्या कॅमेऱ्यावर. हा नवा सेकंदाला तीसेक फोटो काढतो, आवाज अजिबात करत नाही.

मला खेळ हवा होता, आणि रोह्याची माझी कॉलेजातली मैत्रीण वनिता महिनाभर मागे लागली होती. तिची मुलगी समीक्षा कबड्डी खेळते. रविवारी तालुक्याचा अंतिम सामना होता, आणि जिल्ह्याच्या संघासाठी त्या सामन्यातून एकच मुलगी घेणार होते. "एक तर आमची, नाहीतर ऋतुजा," वनिता फोनवर म्हणाली. ऋतुजा म्हणजे समीक्षाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच गल्लीत वाढल्या, एकाच मैदानावर शिकल्या. गेल्या वर्षी ऋतुजाच्या वडिलांनी नागोठण्याच्या बाजूला घर बांधलं, म्हणून यंदा ती समोरच्या संघात होती.

ठाण्याहून शनिवारी सकाळी निघाले. पनवेल सोडल्यावर रस्ता बराचसा चांगला आहे. बराचसा म्हणजे चांगल्या पट्ट्यावर आपण खूश होऊन वेग वाढवतो आणि लगेच वळण-रस्त्याची पाटी येते. हमरापूर फाट्याला आत वळून आधी जोहे गाठलं. जानेवारीतही इथे घरोघरी गणपती चालू असतात. ओसरीत, अंगणात, मांडवात पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. फोटोंना कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारून काढा आणि रंगाच्या फवाऱ्यासमोर लेन्स उघडी ठेवू नका.

या कॅमेऱ्याची फुशारकी अशी की तो चौकटीतला डोळा स्वतः शोधतो आणि त्यावर नजर रोखून राहतो. डोळे न आखलेल्या मूर्तींसमोर तो पार गोंधळला. हिरवा चौकोन सोंडेवरून मुकुटावर, मुकुटावरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर भटकत राहिला. आखणी करणाऱ्या काकूंनी एका मूर्तीचे डोळे पुरे केले आणि चौकोन टुणकन तिथे जाऊन बसला. मी त्यांना पडद्यावर दाखवलं.

"मंग काय तर," त्या कुंचला धुताना म्हणाल्या, "डोळं आखल्याबिगर आम्हीपन हात जोडत नाय."

पेणला मिसळ खाल्ली, वनितासाठी पोह्याचे पापड घेतले. बाजारात एस. टी. स्टँडच्या बाजूला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, अलीकडेच कुठेतरी लावून चालत जा. वडखळ नाक्यावर नेहमीप्रमाणे अडकायला झालं. नागोठण्यानंतर मोठा रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना वालाची शेतं लागतात, आणि संध्याकाळच्या आत रोहा.

रविवारी सकाळी कुंडलिकेच्या काठावर खंड्याने माझी परीक्षा घेतली. तारेवर बसलेला हा पक्षी उडाला असं आपल्याला कळून बोट खाली जाईपर्यंत तो पाण्यात शिरलेला असतो. जुन्या कॅमेऱ्यात माझ्याकडे रिकाम्या तारांचा उत्तम संग्रह आहे. नव्यात एक सोय आहे: बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा गुपचूप फोटो साठवत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीचा अर्धा सेकंदही कार्डावर उतरवतो. म्हणजे तुम्ही उशीर केलात तरी त्याने तो केलेला नसतो. खंड्या मिळाला. बॅटरी मात्र भराभर उतरते, जोडीला आणखी एक हवीच.

मैदान गावाबाहेर होतं, तांबड्या मातीचं, चुन्याने आखलेलं. वनिताने सामन्याआधी मला एक गोष्ट समजावली, ती इथे सांगायलाच हवी. दोघींना शाळेत म्हात्रे सरांनी शिकवलं, आणि या पट्ट्यातल्या बहुतेक मुलींना त्यांनीच शिकवलं. त्यांचा पहिला धडा असा की चढाईवाल्या मुलीचा हात आपल्याला लागला तर आपण होऊन हात वर करायचा, पंचाची वाट बघायची नाही. मुली ते इतकं पाळतात की इथले पंच खेळाडूंचा हात बघूनच निर्णय देतात. त्या दिवशी पंच स्वतः म्हात्रे सरच होते. मला ही पद्धत आवडली, आणि थोडी धोक्याचीही वाटली.

सामना चुरशीचा झाला. कॅमेऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की माणूस धुळीत गेला, दुसऱ्याच्या आड गेला, तरी तो त्याला सोडत नाही. शेवटची चढाई समीक्षाची होती आणि तिचा संघ एका गुणाने मागे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक पट्टी असते. चढाईवालीने कुणाला स्पर्श करेपर्यंत ती पट्टी तिला बंद, पाय पडला तर ती बाद. स्पर्श झाला की खुली. समीक्षा माझ्याच बाजूला झेपावली, तिचा हात ऋतुजाकडे गेला आणि पाय पट्टीत पडला. आधी काय झालं ते मला दिसलं नाही. मी अर्धं दाबून ठेवलेलं बटण पूर्ण दाबलं तेव्हा ती पट्टीतून मध्यरेषेकडे पळत होती.

म्हात्रे सरांनी ऋतुजाकडे पाहिलं. समीक्षानेही तिच्याकडेच पाहिलं. ऋतुजाचे हात गुडघ्यांवर होते, तिथून ते हलले नाहीत. सरांनी समीक्षाला बाद दिलं आणि सामना संपला.

तासाभरात ऋतुजाची निवड जाहीर झाली, निवड करणारे गाडीत बसून गेलेही. समीक्षा मैदानाच्या कडेला जाऊन बसली. ऋतुजा दोनदा तिच्याजवळ आली आणि दोन्ही वेळा हिने पाठ फिरवली.

"निवडीचं जाऊ दे गो आई," ती वनिताला म्हणाली, "पन हात लागला होता. मला म्हाईत हाय. तिने हात वर नाय केला."

दिवस मावळताना दोन्ही संघांसाठी पोपटी लावली होती. ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा नि मीठ. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. थंडीच्या दिवसांत रायगडात आलात तर हे चुकवू नका. जाळ विझायची वाट बघत मी एका बाजूला बसून पडद्यावर फोटो मागे-पुढे करत होते. आणि तो अर्धा सेकंद तिथे होता.

एका फोटोत समीक्षाची बोटं ऋतुजाच्या खांद्यावर, पाय अजून हवेत. त्याच्या पुढच्या फोटोत पाय पट्टीत. स्पर्श आधी झाला होता. मला ऋतुजाचा राग आला, सरळ सांगते. गोड चेहऱ्याची मुलगी, सामन्याआधी माझ्या पाया पडली होती.

वनिताने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "हेच! सरांना दाखव हे आत्ताच्या आत्ता. त्या निवडवाल्यांना पण पाठव."

मी कॅमेरा बंद करायच्या बेतात होते. दोन मैत्रिणींच्या मधे पडायला मी काही पेण-रोहा केलं नव्हतं. पण समीक्षा तोवर उठून आली आणि तिने हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. तिने पाय असलेला फोटो नुसता ओलांडला. हात असलेला फोटो मोठा केला, अजून मोठा केला, मग त्याच्या आधीचा, मग पुन्हा तोच. किती तरी वेळ ती त्या खांद्याकडेच बघत होती.

"अंगाला नाय लागला," ती म्हणाली. "जर्सीला लागलाय. बघा ना मावशी, कापूड कसं फुगलंय."

खरंच होतं. ऋतुजाच्या मंडळाला सगळ्यांना एकाच मापाच्या जर्सी मिळाल्या होत्या आणि ऋतुजा त्यात दोनदा मावली असती. वळताना कापड खांद्यावरून वर उठलं होतं, बोटं त्या उठलेल्या कापडाला टेकली होती. नियमाने कपड्याला लागलं तरी स्पर्श तो स्पर्शच. पण लागलेलं ऋतुजाला कळलं असणं कठीण होतं.

"अगो म्हणजे तिला कळलंच नाय!" समीक्षाचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. वनिता म्हणत होती, "अगं पण गुण तर तुझाच ना?" ते ऐकायला ती थांबली नाही. संदेशचा नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून ती मैदानाच्या पलीकडे पळाली, आणि मी त्या कॅमेऱ्यासाठी मनातल्या मनात जोह्याच्या सगळ्या गणपतींना हात जोडले.

पलीकडे दोन डोकी पडद्यावर वाकली. ऋतुजाने फोटो पाहिले, परत मागे नेऊन पाहिले. मग ती उठली आणि आमच्या बाजूला आली, मागोमाग समीक्षा. म्हात्रे सर नुकत्याच उघडलेल्या मडक्याशी बसून शेंगा सोलत होते. ऋतुजा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने हात वर केला. पूर्ण ताठ, शाळेत करतात तसा.

"सर, मी बाद होते."

सरांनी शेंग खाली ठेवली. "निकाल बदलत नाय आता, पोरी."

"बदलू नका. हात वर करायचा राह्यला होता."

 मग त्यांनी सरकून जागा केली आणि दोघींना बसायला सांगितलं. मी अंडं सोलण्यात लक्ष घातलं. वनिता फुरंगटून बसली होती, पण ऋतुजाच्या पानात पहिल्या शेंगा तिनेच वाढल्या.

सोमवारी पहाटे निघाले, ट्रक कमी होते, वडखळला अडकले नाही. संदेशला मत दिलं ते असं: वेग खरा आहे, नजर पक्की आहे, बॅटरी कमजोर, आणि घरी आल्यावर हजारो फोटो निवडताना पाठ धरते. खेळ, पक्षी, पळणारी पोरं यांच्यासाठी घ्या. लग्नाच्या पंगतीसाठी एवढ्या वेगाची गरज नाही. मी अजून घेतलेला नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्याने तो खांदा मला दाखवलाच नसता, हे मात्र मनातून जात नाही.

परवा वनिताचा फोन आला. तिच्या मनातून गुण अजून गेलेला नाही, हे तिच्या आवाजातच कळत होतं. ऋतुजा जिल्ह्याच्या सरावाला गेली. निघायच्या आदल्या दिवशी ती रोह्याला आली होती, नवी जर्सी घेऊन, तीही ढगळच. समीक्षाने वनिताची शिवणाची मशीन काढली, ऋतुजाला समोर उभं करून खांदे नि बाजू टाचण्या लावून मापल्या आणि जर्सी अंगाबरोबर आवळून दिली.

"घाल आता," म्हणाली म्हणे, "आता नुसतं बोट लागलं तरी कळंल गो तुला."